चित्रपट समीक्षकाने पटकथा लिहावी का? आणि लिहिली तर परीक्षणं सोडावीत का?

तुम्ही फोंड्याचे, वर्तमानपत्रात सिनेमाची परीक्षणं लिहिता आणि आता पटकथा लिहावीशी वाटते, असं तुम्ही म्हटलंय. माझं उत्तर सरळ आहे: लिहा, आणि परीक्षणं मुळीच सोडू नका. हे मी ख्वाजा अहमद अब्बास या पत्रकार, पटकथाकार आणि दिग्दर्शकाच्या आयुष्याकडे बघून सांगतो. आमच्या पेडण्यात त्यांचं नाव काढलं की लोकांना अमिताभचा पहिला सिनेमा तेवढा आठवतो. त्यामागचा माणूस फार मोठा होता.

जन्म १९१४, पानिपतचा. मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या वर्तमानपत्रात लागले, तिथे सिनेमावर लिहू लागले आणि बॉम्बे टॉकीज या चित्रपट कंपनीच्या प्रसिद्धीचंही काम पाहू लागले. पहिली पटकथा ‘नया संसार’, १९४१ची, बॉम्बे टॉकीजनेच काढली. विषय होता वर्तमानपत्राचा, आणि अशोककुमार बातमीदार. म्हणजे रोज ज्या जगात वावरत होते, तेच त्यांनी आधी लिहिलं. तुमची पहिली गोष्टही अशी जवळची असू द्या.

पुढे १९४६ साली ‘नीचा नगर’ची पटकथा, आणि त्या सिनेमाला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च मान. त्याच वर्षी शांतारामबापूंचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’, आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवरचा; तो अब्बासांच्याच पुस्तकावर बेतलेला. बंगालच्या दुष्काळावरचा ‘धरती के लाल’ही तेव्हाचाच, दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला.

पण समीक्षक पटकथेत काय घेऊन येतो, ते बघायचं तर ‘आवारा’ (१९५१) बघा. व्ही. पी. साठे यांच्यासोबत लिहिलेला. सुरुवातच कोर्टात होते. आरोपीच्या पिंजऱ्यात राज. त्याची वकील रीटा, आणि ती उलटतपासणी घेते ती खुद्द न्यायाधीश रघुनाथची. चोराचा मुलगा चोरच होणार, या आपल्या ठाम मतावर ज्याने माणसांना शिक्षा दिल्या, त्यालाच साक्षीदार म्हणून उभं केलंय. एक मत उचलायचं, त्याला प्रश्न विचारायचे आणि मग पुरावा म्हणून सगळी गोष्ट मांडायची, ही परीक्षण लिहिणाऱ्याचीच पद्धत. फरक इतकाच की इथे मत माणसांच्या अंगावर येतं: त्या रघुनाथने आपल्या गरोदर बायकोला संशयावरून घराबाहेर काढलेलं असतं. रघुनाथच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर आणि मुलाच्या, म्हणजे राजच्या भूमिकेत त्यांचा खरा मुलगा राज कपूर, त्यामुळे ती धार आणखी वाढते.

अब्बासांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या सिनेमांत मात्र त्यांचं मत पुष्कळदा पात्रांच्या आधी बोलून जातं, असं मला वाटतं. अमिताभचा तो पहिला सिनेमा, ‘सात हिंदुस्तानी’ (१९६९), त्यातलाच. गोवामुक्तीसाठी वेगवेगळ्या प्रांतांतून आलेली माणसं, आणि हट्टाने उलटसुलट निवडलेले नट: बंगाली उत्पल दत्त पंजाबी, तर मल्याळी मधू बंगाली. सात प्रांतांची ही कल्पना हवेतली नव्हती. १५ ऑगस्ट १९५५ला गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यात मारले गेलेले कर्नेलसिंग बेनिपाल पंजाबहून आलेले होते. गोवेकर म्हणून माझी एक तक्रार राहतेच. बाहेरून आलेले सत्याग्रही ठसठशीत उभे राहतात, पण इथले लोक, वर्षानुवर्षं पोर्तुगीजांच्या तुरुंगात काढलेले, मागेच राहतात. तरीही मुक्तीनंतर आठ वर्षांत आपल्या लढ्यावर कोणी हिंदी सिनेमा काढला, याचं मोल मी कमी मानत नाही. कैफी आझमींना त्यातल्या गीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

परीक्षणांमुळे लोक दुखावतील, काम मिळणार नाही, अशी भीती तुम्हाला वाटते. अब्बास तर थेट सरकारशी भांडले. मुंबईतल्या वेश्यावस्तीचं चित्रण असलेल्या त्यांच्या माहितीपटाला सेन्सॉरने सगळ्यांसाठीचा दाखला नाकारला. पुढे सरकार तो दाखला द्यायला तयार झालं, तरी त्यांनी खटला सोडला नाही. सिनेमा दाखवण्याआधी तो सेन्सॉरने तपासायचा, या तत्त्वालाच आव्हान दिलं. १९७०मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. तीन वर्षांनी ‘बॉबी’ आला, पुन्हा साठ्यांसोबत लिहिलेला, आणि त्यातला बॉबीचा बाप, जॅक ब्रगांझा, घराघरांत पोचला. काम थांबलं नाही.

आणि स्तंभ? त्यांचा ‘लास्ट पेज’ हा स्तंभ १९३५ला सुरू झाला, ‘क्रॉनिकल’मधून ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकात गेला आणि १९८७ला ते वारले तोवर चालू होता. पटकथांचे पैसे ते आपल्या न चालणाऱ्या सिनेमांत घालत राहिले, पण स्तंभ लिहायचं कधी सोडलं नाही.

आता तुमच्यापुरतं: ‘आवारा’चा तो पहिला कोर्टाचा प्रसंग दोनदा बघा, मग ऐकत ऐकत कागदावर उतरवून काढा, संवाद आणि कृती वेगवेगळ्या रकान्यांत. नोव्हेंबरात इफ्फीला, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, पणजीत याल तेव्हा जुन्या सिनेमांचे खेळ चुकवू नका. आणि पटकथेचा पहिला खर्डा झाला की त्यावर स्वतःच एक परीक्षण लिहा, दुसऱ्याच्या सिनेमावर लिहिता तेवढंच कडक.