स्वित्झर्लंडमध्ये आईवडिलांना घेऊन शहरातल्या छोट्या, स्वस्त हॉटेलात राहावं का?

तुमचं बजेट बेताचं आहे, सोबत सत्तरीचे आईवडील आहेत आणि प्रश्न असा की शहरातलं साधं हॉटेल घ्यावं की बाहेरचं जरा ऐसपैस आणि स्वस्त. माझं मत विचाराल तर शहरातलं घ्या. फक्त शहर कुठलं ते नीट ठरवा.

आम्ही तिघं होतो, मी, बायको आणि माझी आई. झ्युरिच आणि इंटरलाकेनचे दर बघूनच घाम फुटला. एका फ्रँकला शंभरावर रुपये, आणि तो गुणाकार आईला तोंडपाठ झालेला. शेवटी बासेलला पाच रात्री काढल्या, ऱ्हाईन नदीच्या उत्तरेकडच्या क्लाइनबासेल भागात. जुनी इमारत, खाली दुकान, वर खोल्या.

बासेलच का, तर तिथे हॉटेलात राहणाऱ्या प्रत्येकाला चेक-इनच्या वेळी बासेलकार्ड मिळतं. मुक्काम असेपर्यंत शहरातल्या ट्राम-बस फुकट, म्युझियमची तिकिटं निम्म्यात. पहिल्या दिवशी स्टेशनावरून हॉटेलपर्यंत बुकिंगचा कागद दाखवला तरी चालतो. बर्न आणि जिनिव्हातही हॉटेलवाले ट्राम-बससाठी असंच कार्ड देतात. झ्युरिचमध्ये मात्र झ्युरिच कार्ड विकत घ्यावं लागतं. एका मित्राने सुचवलं होतं की सीमेपलीकडे फ्रान्समधल्या सेंट-लुईला राहा, खोली स्वस्त पडते. पडते ना! पण बासेलकार्ड बासेलमध्ये राहणाऱ्यांनाच. तिघांची रोजची तिकिटं धरली की खोलीत वाचवलेले पैसे ट्राममध्ये जातात, शिवाय रात्री परतायची घाई. आईसारख्या माणसाला दुपारी तासभर पाठ टेकायला खोलीवर येता येणं, हाच शहरात राहण्याचा खरा फायदा.

आता खोलीबद्दल. दोन बॅगा उघडल्या की तिसऱ्या माणसाने पलंगावरच बसायचं. आम्हा दोघांच्या डबल बेडवर पांघरुणं दोन, वेगवेगळी घडी घातलेली. बायकोला वाटलं काहीतरी चूक झाली, पण तिकडे पद्धतच तशी. आईची सिंगल खोली आणखी स्वस्त, कारण बाथरूम पॅसेजमध्ये, मजल्यावर सामायिक. बुकिंग करताना ही ओळ बारीक अक्षरात असते, डोळे उघडे ठेवून वाचा. बाथरूम स्वच्छ होतं, पण रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला तिथवर जाणं जिवावर येतं. तिसऱ्या दिवशी आम्ही खोल्यांची अदलाबदल केली, म्हणजे आई आणि बायको डबलमध्ये, मी सिंगलमध्ये. जेट स्प्रे कुठेच नाही. रिकामी बाटली जवळ ठेवा, एवढंच सांगतो. एसीही नव्हता, जुलैत खिडकी उघडी टाकून झोपलो.

पहिल्याच रात्री फजिती झाली. गाडी उशिरा पोचली, हॉटेलसमोर आलो तेव्हा पावणेअकरा. दार बंद, आत अंधार. अशा छोट्या हॉटेलांत रात्रपाळीला कुणी नसतं. दाराशेजारी किल्लीची पेटी असते, तिचा कोड आधी मेलने येतो. आमचा कोड मेलमध्ये होता, मेल स्पॅममध्ये होता आणि मोबाइलला नेट नव्हतं. आई बॅगेवर बसून रामरक्षा म्हणायला लागली. शेजारच्या कबाबवाल्याने स्वतःचं वायफाय दिलं म्हणून सुटलो. तेव्हा कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि कागदावरही लिहून घ्या.

केटल घरून नेली होती. पण स्विस सॉकेट वेगळं, खोलगट आणि षटकोनी. आपल्याकडे ‘युरोपचा’ म्हणून मिळणारा गोल, जाड ॲडॉप्टर त्यात शिरतच नाही. मोबाइलच्या चार्जरची बारीक दोन पिनांची पिन बसते, केटलची बसेना. दुसऱ्या दिवशी तिथलाच ॲडॉप्टर घेतला, मग चहा आणि गरम पाण्यातला रेडीमेड उपमा सुरू झाला. नाश्ता खोलीच्या दरातच होता. ब्रेड, चीज, जॅम, उकडलेली अंडी आणि म्यूस्ली. आईने म्यूस्लीला ‘गारढोण लापशी’ असं नाव ठेवलं आणि रोज दोन वाट्या खाल्ली.

बाकीचं खाणं मिग्रो आणि कोऑप या सुपरमार्केटांतून. एम-बजेट आणि प्री गारांती हे त्यांचेच स्वस्तातले ब्रँड, तेच बघा. रविवारी दुकानं बंद, स्टेशनातली तेवढी उघडी. पाणी विकत घेऊ नका, रस्त्यावरच्या कारंज्यांचं पितात, पिऊ नये तिथे तशी पाटी असते.

लुत्सर्न, बर्न, झ्युरिच ही तिन्ही शहरं बासेलहून रेल्वेने तासाभरावर, इंटरलाकेन दोन तासांवर. एवढं फिरणार असाल तर महिनाभर तिकिटं निम्म्यात देणारं हाफ फेअर कार्ड घ्यायचं की रेल्वेचा पास, याचा हिशोब आधी करा. आईला मात्र सगळ्यात आवडली ती नदीवरची नाव. तिला इंजिन नाही, नदीवर ताणलेल्या तारेला ती बांधलेली असते आणि पाण्याचा प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. आई सांगलीची, कृष्णा नावेतून ओलांडलेली. नावाड्याशी मराठीत बोलली, तो जर्मनमध्ये बोलला, दोघांचं छान जमलं.

जूनमध्ये आर्ट बासेल हे मोठं कलाप्रदर्शन भरतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फासनाख्ट हा कार्निव्हल असतो. त्या दिवसांत साध्या खोलीचेही दर भलतेच चढतात, तारखा तपासून घ्या. व्हिसाच्या कागदपत्रांत राहण्याची सोय दाखवावी लागते, म्हणून फुकट रद्द करता येईल असंच बुकिंग करा. आणि वडिलांचे गुडघे दुखत असतील तर ‘लिफ्ट आहे’ यावर विसंबू नका. आमच्याकडे लिफ्ट होती, पण ती सुरू व्हायची रस्त्यापासून आठ पायऱ्या वर. हॉटेलला सरळ मेल टाकून विचारा, रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती.