उजवी पाकळी पडली आणि पोटात गोळा आला

"मॅडम, आतला आवाज ऐका म्हणतात सगळे. पण माझ्या आतल्या आवाजानं मला एकदा तोंडघशी पाडलंय. त्याचं काय करू?"

गोव्यातल्या फोंड्याहून आलेल्या चाळिशीच्या एका बाईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) चौदा वर्षं त्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशेब लिहितात. २०२३ च्या जानेवारीत पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला, तिकडे सगळ्यांचे डोळे लागले, तसे त्यांचे चुलत दीर मागे लागले: पेडण्यातल्याच मोरजीला गेस्ट हाउस काढू, तुम्ही आठ लाख घाला. घरचे तयार. यांना मात्र झोप नाही. "म्हाका कितें करचें तेंच कळना."

शेवटी कुलदेवाकडे प्रसाद लावला. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, मूर्तीला ओल्या पाकळ्या लावून गाऱ्हाणं घालतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. यांची उजवी पडली.

"मग?"

"मग भटांना म्हटलं, परत एकदा लावा."

देवाचा कौल हा माझा प्रांत नव्हे, त्यात मी पडत नाही. पण 'परत लावा' हे शब्द मी वहीत लिहून घेतले. पाकळी पडली तेव्हा काय झालं, विचारलं. पोटात गोळा आला म्हणाल्या. असा गोळा आधी कधी? बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग आठवलं. दीर बांधकामाचा खर्च सांगत होते, यांनी बिलं मागितली, तर ते हसून म्हणाले, "घरच्या घरात कसली बिलं, वहिनी?"

आता तोंडघशी पडल्याची गोष्ट. विशीत पुण्याची नोकरी यांनी 'आतून नको वाटतंय' म्हणून सोडली, आजवर हळहळतात. तेव्हा गोव्याबाहेर एकट्या कधी राहिल्याच नव्हत्या. आतल्या आवाजाला पुण्याची माहिती असणार कुठून? ती भीती होती. (पोटात आलं की अंतःप्रेरणा, छातीत आलं की भीती, असले तक्ते मोबाइलवर फिरतात. विसरा ते.)

बेशारा, दामासिओ वगैरे मेंदूसंशोधकांचा १९९७ मधला पत्त्यांचा प्रयोग मी अशा वेळी सांगते. चार गठ्ठे, त्यातले दोन नुकसानीचे. का ते सांगता येण्याआधीच, त्या गठ्ठ्यांकडे हात जाताना लोकांच्या तळव्यांना सूक्ष्म घाम सुटायला लागला. पण कधी? तिथं आधी चटके बसल्यावर. कानमन आणि क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनीही २००९ मध्ये हेच मांडलं: जिथं गोष्टी काही नियमानं घडतात आणि चूक-बरोबर वेळोवेळी कळत गेलेलं असतं, तिथली अंतःप्रेरणा विश्वासाची. बिनबिलाचा खर्च या बाईंनी चौदा वर्षं पाहिलाय. तिथं त्यांचं पोट जाणकार आहे. गेस्ट हाउस चालेल की नाही, हे मात्र त्या पोटाला विचारून उपयोग नाही. त्यासाठी ते चालवणाऱ्या कोणाला गाठा म्हटलं.

घरी जाऊन त्यांनी दिरांकडे बिलं आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबाराच म्हणा) मागितला. उताऱ्यात कब्जेदार म्हणून चार नावं निघाली. दीर दोनच सांगत होते. त्या चौघांतली एक बाई पोर्तुगालला, तिची सहीच नाही.

महिनाभर दिरांनी अबोला धरला. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मात्र माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान घेऊन दारात हजर. यांनी चहा दिला आणि विचारलं, "भावजी, ती सही आली काय?"