नवे बटण हाती येईपर्यंत जुने काढू नये

प्रश्न : माझी मुलगी तीन वर्षांची आहे. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडल्यामुळे तिला सेरेब्रल पाल्सी झाली. गिळताना दूध श्वासनलिकेत जात असे, म्हणून दूध देण्यासाठी सात महिन्यांपूर्वी तिच्या पोटावर, थेट जठरात उघडणारे १४ फ्रेंच मापाचे (फ्रेंच हे नळीच्या जाडीचे एकक) बटण बसवले. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी फ्रॉक बदलताना जोडनळीला, म्हणजे दूध देण्यासाठी बटणाला लावायच्या नळीला, हिसका बसला आणि बटणाच्या तोंडाची कड तुटली. बटण जागेवरच होते, पण जोडनळी अडकेना आणि दूध बाहेर येऊ लागले. आम्ही तिला एका रुग्णालयात नेले. तिथे कॅज्युअल्टीत बटण लगेच काढून टाकले आणि नंतर सांगितले की, या मापाचे दुसरे बटण इथे नाही. माझ्या यजमानांनी रात्री औषधांची दुकाने पालथी घातली. चार तासांनी बटण मिळाले तेव्हा छिद्र आवळून गेले होते आणि शेवटी भूल देऊन ते रुंद करावे लागले. सासूबाई म्हणतात की, तुटका भाग चिकटवून घेतला असता तर एवढे झालेच नसते. तसे करता आले असते का? पुन्हा असे झाले तर आम्ही काय करावे?
– एक आई, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : आपण त्या रात्री जे सोसले ते बहुतांशी टाळता येण्यासारखे होते, हे मला प्रथम स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आपल्याकडून कोणतीही चूक झालेली नाही. बटण तुटले तरी जोवर ते छिद्रात बसलेले आहे, तोवर ते आपले सर्वांत मोठे काम करत असते, आणि ते काम म्हणजे छिद्र उघडे ठेवणे. पोटाच्या भिंतीतून जठरापर्यंत केलेली ही वाट शरीराच्या लेखी एक जखमच असते. आत काही नसेल तर शरीर ती भरून काढू लागते आणि काही तासांतच ती इतकी अरुंद होते की त्याच मापाचे बटण आत जात नाही. म्हणूनच दुसरे बटण, निदान त्याच्या जागी तात्पुरती घालायची नळी, हाती येईपर्यंत जुने काढू नये. दूध बाहेर येत असेल तर झाकण लावून वर घडी घातलेले गॉझ चिकटपट्टीने दाबून ठेवता येते, आणि तोवर शरीराला लागणारे पाणी सलाइनमधून देता येते.

दुसरे बटण नाही हे जुने काढल्यावर लगेच लक्षात आले असते, तरीही वेळ गेली नव्हती. लघवीसाठी वापरली जाणारी फोली कॅथेटर जवळपास प्रत्येक वॉर्डात असते. त्याच मापाची किंवा एक माप लहान कॅथेटर छिद्रात घालून वाट राखता येते. ती बाहेरून पक्की चिकटवावी लागते, कारण जठराच्या हालचालीबरोबर ती आत ओढली जाऊन तिचा फुगा जठराचे पुढचे तोंड अडवू शकतो.

आता सासूबाईंच्या सूचनेबद्दल. त्यांची तळमळ योग्य आहे, पण बटण सिलिकॉनचे असते. त्यावर साधा चिकट पदार्थ धरत नाही, आणि जो काही लावू तो मुलीच्या अन्नाच्या वाटेत असतो. त्यामुळे बटण दुरुस्त करत नाहीत, बदलतात. जोडनळी मात्र वेगळी मिळते. तीच फाटली असेल तर बटणाला हात लावण्याची गरज नसते. ज्या मुलांच्या पोटावर बटणाऐवजी लांब नळी असते, त्यांच्या नळीचे बाहेरचे तोंड तुटले तर पुष्कळदा तेवढा भाग कापून नवे तोंड बसवता येते. रुग्णालयात पाऊल ठेवताच ‘नेमका कोणता भाग खराब झाला आहे?’ हा प्रश्न आपणच विचारावा.

दूध परत येते म्हणजे बटण तुटलेच, असेही नाही. बटणात एक छोटी झडप असते. जठरातले द्रव बाहेर येऊ नये म्हणून, १९८४ मध्ये मायकेल गॉडरर या बालशल्यविशारदाने सहकाऱ्यांसह बटण पुढे आणले तेव्हापासून ती त्याचा भाग आहे. आपल्या घरांत मुलांना नाचणीचे सत्त्व आवर्जून दिले जाते, पण निवल्यावर ते घट्ट होते आणि त्याचा कण झडपेत अडकला की ती उघडीच राहते. अशा वेळी कोमट पाणी हलक्या हाताने सोडावे. मोठी सिरिंज घ्यावी, कारण लहान सिरिंजने दाब फार वाढतो. तार किंवा काडी कधीही घालू नये. दूध बटणाच्या कडेने झिरपत असेल तर बटण जठरात धरून ठेवणाऱ्या फुग्यातले पाणी कमी झाले आहे का ते पाहावे. हे पाणी आठवड्यातून एकदा, बटण हाताने धरून, सिरिंजने काढून मोजतात आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाइतके निर्जंतुक पाणी पुन्हा भरतात.

घरी त्याच मापाचे एक जादा बटण ठेवावे. फुग्याचे बटण साधारणपणे तीन ते सहा महिने टिकते, म्हणजे हा खर्च वाया जाणार नाही. त्याबरोबर एक चिठ्ठी असावी : माप १४ फ्रेंच, दांड्याची (बटणाच्या छिद्रात बसणाऱ्या भागाची) लांबी किती सेंटिमीटर, फुग्यात किती मिलिलिटर पाणी, छिद्र कोणत्या तारखेला केले. तिला झटक्यांचे औषध चालू असेल तर शेवटचा डोस कधी दिला, हेही डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे. बटणाच्या धावपळीत तो डोस चुकला तर झटके येऊ शकतात.

निघण्यापूर्वी फोन करून बालशल्यचिकित्सक उपलब्ध आहेत का, ते विचारावे. इंदूरमध्ये एम. वाय. रुग्णालयाशी संलग्न बालशल्यचिकित्सा विभाग आहे. बटण पूर्ण निघून आले, तर आपल्या मुलीचे छिद्र जुने असल्यामुळे, आपल्या शल्यचिकित्सकांनी आधी शिकवले असेल तर, तेच बटण धुऊन छिद्रात सरकवून चिकटवावे, त्यातून काहीही न देता थेट रुग्णालय गाठावे. ज्यांच्या मुलांचे छिद्र काही आठवड्यांपूर्वीचेच आहे, त्यांनी मात्र घरी काहीही घालू नये, कारण वाट पक्की झालेली नसते आणि नळी जठराऐवजी पोटाच्या पोकळीत जाण्याचा धोका असतो.

बटण बदलल्यावर ते जठरातच आहे याची खात्री झाल्याशिवाय दूध सुरू करू देऊ नये. सिरिंजमध्ये जठरातला रस येतो का आणि तो आम्लयुक्त आहे का, हे पाहतात. छिद्र रुंद करावे लागले असेल किंवा बटण घालताना जोर लागला असेल, तर नळीतून एक्स-रेत दिसणारे औषध सोडून एक्स-रे काढणे योग्य. दूध दिल्यावर मुलगी कळवळून रडू लागली, पोट फुगले किंवा ताप आला तर दूध त्याच क्षणी थांबवून परत जावे.

आपल्या मुलीचे छिद्र गेल्या महिन्यात भूल देऊन रुंद केले आहे, आणि सात महिन्यांत तिचे वजनही वाढले असेल. पुढच्या भेटीत दांड्याची लांबी तिच्या पोटाच्या जाडीशी जुळते का, हे तिला झोपवून आणि बसवून अशा दोन्ही स्थितींत मोजून घ्यावे आणि तेच माप चिठ्ठीवर लिहावे.