लेकीला अंतराळवीर करायचंय, कर्ज काढून कोर्सला टाकू का?

नमस्कार,

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीला ८१ टक्के पडले, ती चौथीत असल्यापासून तिने अंतराळवीर व्हावं असं तुमच्या मनात आहे, आणि आता स्पेस टुरिझम सुरू झालंय म्हणजे जागा निघणारच, तर एका खासगी संस्थेच्या 'कमर्शियल ॲस्ट्रॉनॉट' डिप्लोमाला कर्ज काढून टाकू का, हा तुमचा प्रश्न. उत्तर देते, पण आधी तिसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात त्या ओळीबद्दल बोलायचंय. "उणे दीड नंबर निघालाय पण चष्मा करू दिला नाही, एकदा लागला की नंबर वाढतच जातो आणि मग अंतराळवीर होणं विसरा."

ही ओळ वाचून मी पत्र खाली ठेवलं. उणे दीड म्हणजे काय माहितीये का? साधारण दोन सव्वादोन फुटांच्या पलीकडचं तिला स्पष्ट दिसत नाही, म्हणजे हातातलं पुस्तक दिसतं पण फळा नाही. आणि तुम्हीच पुढे लिहिलंय की वर्गात शेजारच्या मुलीच्या वहीत बघून उतरवते अशी टीचरची तक्रार आली, फिजिक्समध्ये मागे पडतेय, लक्ष नाही. अहो लक्ष कसलं, तिला दिसतच नाहीये! सोळा वर्षांची मुलगी गेलं वर्षभर धूसर फळ्याकडे बघत बसलीये आणि घरी येऊन त्याबद्दल बोलणी खातेय, आणि बहुतेक एव्हाना तिलाही वाटायला लागलं असेल की आपणच ढ आहोत. मला तिच्या ८१ टक्क्यांची अजिबात काळजी वाटत नाही, याची वाटते.

चष्मा घातल्याने नंबर वाढत नाही. या वयात वाढायचा असेल तर तो चष्मा न घालताही वाढतो, आणि तो वाढतोय का हे बघायला डॉक्टर असतात. फायटर पायलटच्या वाटेने जायचं असेल तर डोळ्यांचे नियम कडक आहेत हे खरंय, पण तिथे डोळे मशीनवर तपासतात, चष्मा कपाटात ठेवल्याने काही लपत नाही. आणि नासाचं म्हणाल तर चष्मा लावून नजर नीट होत असेल तर त्यांना चालतं, लेसर ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. उलट स्पेस स्टेशनवर महिनोन्महिने राहणाऱ्या बऱ्याच जणांचीच नजर बदलते, कारण वजनरहित अवस्थेत शरीरातला द्रव डोक्याकडे सरकतो, डोळ्याचा मागचा भाग थोडा चपटा होतो आणि जवळचं वाचायला त्रास व्हायला लागतो, म्हणून जादाचा चष्मा सोबत देतात. २०२१च्या सप्टेंबरमध्ये इन्स्पिरेशन फोर नावाची चौघांची खासगी मोहीम झाली, त्यात हेली आर्सेनो गेली होती. लहानपणी तिला हाडाचा कॅन्सर झालेला, मांडीच्या हाडाच्या जागी धातूचा भाग बसवलेला, तरी तीन दिवस पृथ्वीभोवती फिरून आली. तेव्हा या आठवड्यात चष्मा करा. बाकीचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल.

आता तुमचा डिप्लोमा. इथे तुमची मोठी गल्लत झालीये आणि ती बऱ्याच पालकांची होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. स्पेस टुरिझम वाढलं की अंतराळवीरांच्या नोकऱ्या वाढतात असं तुम्ही धरून चाललायत. टुरिस्ट म्हणजे तिकीट काढणारा माणूस, त्याला कोणी पगार देत नाही. अमेरिकेतले उद्योजक डेनिस टिटो २००१मध्ये रशियाच्या सोयूझ यानातून स्पेस स्टेशनवर गेले, त्यासाठी त्यांनी सुमारे २ कोटी डॉलर मोजल्याचं सांगतात. ब्लू ओरिजिन या खासगी कंपनीचं न्यू शेपर्ड यान दहा अकरा मिनिटांत वर जाऊन खाली यायचं आणि त्यात पायलटच नसायचा, सगळं आपोआप चालायचं, आत बसलेले सगळे प्रवासी. त्यांना ट्रेनिंग कंपनीच द्यायची, तेही एक दोन दिवसांचं. इन्स्पिरेशन फोरच्या चौघांचं ट्रेनिंग सहाएक महिने चाललं, पण ते मोहीम ठरल्यावर, तीच मोहीम डोळ्यासमोर ठेवून झालं. आधी पदरचे पैसे भरून डिप्लोमा करून ठेवला म्हणून कोणाला यानात बसवलं असं एकही उदाहरण माझ्या बघण्यात नाही. 'कमर्शियल ॲस्ट्रॉनॉट' हा शब्द ऐकायला भारी वाटतो, पण अमेरिकेची विमान वाहतूक संस्था त्या नावाचा जो बिल्ला द्यायची तोही २०२१ संपताना बंद केला, आता ८० किलोमीटरच्या वर गेलेल्यांची फक्त नोंद ठेवतात. म्हणजे ज्या पदासाठी तुम्ही कर्ज काढणार आहात ते पदच नाहीये. कर्ज काढू नका. माहितीपत्रकावर रॉकेटचे आणि हेल्मेट घातलेल्या मुलांचे फोटो आहेत असं तुम्ही लिहिलंय, फोटो कोणालाही छापता येतात, तिथून शिकून बाहेर पडलेली मुलं आज कुठे काय करतायत तेवढं त्यांना विचारून बघा.

खऱ्या निवडीचं चित्र असं आहे. नासाने २०२५मध्ये ८ हजारांहून जास्त अर्जांतून १० जण घेतले, आणि तिथे अर्ज करायलाच अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. त्या दहांत ॲना मेनन आहे, जी आधी नासाच्या कंट्रोल रूममध्ये अंतराळवीरांच्या तब्येतीकडे बघायची, मग स्पेसएक्स या खासगी रॉकेट कंपनीत गेली, तिथून २०२४च्या पोलारिस डॉन या खासगी मोहिमेत उडाली. तिच्यासोबत सारा गिलिस होती, ती स्पेसएक्समध्ये इंटर्न म्हणून लागली, पुढे अंतराळवीरांना ट्रेनिंग देणारी इंजिनिअर झाली, इन्स्पिरेशन फोरच्या चौघांना तयार करणाऱ्यांत तीही होती, आणि मग एक दिवस स्वतः यानाबाहेर निघाली, खासगी मोहिमेतला तो पहिला स्पेसवॉक. आपले शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ला अंतराळात गेले तेव्हा ३९ वर्षांचे होते, मागे हवाई दलातली जवळजवळ १९ वर्षं, त्यात टेस्ट पायलटचं काम. ही माणसं अंतराळात गेली नसती तरी त्यांच्या हाताला त्यांच्या आवडीचं काम होतं, उड्डाण ही पुढची गोष्ट. तुमची मुलगी सोळाची आहे, ३९ म्हणजे अजून तेवीस वर्षं. तेवीस वर्षं ती रोज सकाळी उठून आनंदाने काय करेल, हा प्रश्न तुमच्या चार पानांत कुठेच नाही.

मार्गांबद्दल विचारलंय म्हणून लिहिते, बारावीनंतर जेईईतून इंजिनिअरिंग, तिरुअनंतपुरमची आयआयएसटी म्हणजे अंतराळ विज्ञान शिकवणारी संस्था, नाहीतर एनडीए, ते आता मुलींनाही खुलं आहे. यातलं काहीही धरलं तरी अंतराळवीर होण्याची हमी कोणी देत नाही.

आणि आता पत्राचा शेवट, जो तुम्ही वैतागून लिहिलाय. "अभ्यास सोडून शिवत बसते, नवी छत्री कापून दप्तराचं कव्हर केलं, शेवटी मशीन माळ्यावर टाकलं." हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, मला सगळ्या पत्रात जिवंत मुलगी दिसली ती इथेच. तुम्ही असंही लिहिलंय की पहिल्या कव्हरच्या शिवणीतून पाणी आत आलं म्हणून तिने ते उसवून, कड दुमडून, परत दुहेरी शिलाई मारली, तरी झिरपलं तर आतून मेण चोळलं. तुम्हाला हा वेळेचा नास वाटला. पण शिवलेल्या कापडाला सुईचं प्रत्येक भोक म्हणजे गळतीची जागा असते, आणि स्पेससूट करणाऱ्यांच्या पुढ्यात नेमकं हेच कोडं असतं, फक्त तिथे पाणी आत येण्याऐवजी हवा बाहेर जाते. म्हणून हवा धरून ठेवणारा थर वेगळा करतात आणि त्याला फुगू न देणारा शिवलेला थर त्याच्यावर वेगळा. चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या माणसांचे सूट अमेरिकेतल्या आयएलसी डोव्हर कंपनीत शिलाई मशीनवर बायकांनी शिवले, आणि त्या मूळ कंपनीचा धंदा होता बायकांच्या आतल्या कपड्यांचा. एकवीस थर, एकावर एक, टाका जरा इकडचा तिकडे झाला तर सगळं उसवून पुन्हा. एखादी टाचणी थरांमध्ये राहून गेली तर आत माणूस मरेल, म्हणून सूटचे एक्स-रे काढायचे.

पॅराशूटचंही तेच. १९६७मध्ये सोयूझ वन परत येताना मुख्य पॅराशूट उघडलं नाही आणि व्लादिमिर कोमारोव्ह गेले. एवढं मोठं रॉकेट, एवढी गणितं, आणि शेवटी माणसाचा जीव कापड आणि दोऱ्यांवर लटकलेला असतो. गगनयानची कुपी खाली आणायला दहा पॅराशूट लागतात, तीही कोणीतरी कापतं, शिवतं, घडी घालतं, तपासतं. टेक्स्टाइल इंजिनिअरिंग, पॉलिमर, मटेरियल सायन्स, इंडस्ट्रियल डिझाइन, या सगळ्या खऱ्या शाखा आहेत, त्यातल्या काहींना सायन्स लागतंच, म्हणजे अकरावी वाया गेलेली नाही.

पण एक हात जोडून सांगते, हे वाचून आज संध्याकाळी तिला "तू स्पेससूट डिझायनर हो" म्हणून सांगायला जाऊ नका. मी एवढं लिहिलं ते तिच्या हाताला काय येतं ते तुम्हाला दिसावं म्हणून, तिच्यावर नवं ओझं टाकायला नाही. उद्या ती म्हणेल मला तंबू शिवायचेत, हॉस्पिटलसाठी काहीतरी करायचंय, किंवा मला नुसत्या पिशव्या शिवायला आवडतात आणि करिअर अकाउंट्समध्ये करायचंय. तेही चालेल. दर महिन्याला भिंतीशी उभं करून उंची मोजणं, थंड पाण्याची आंघोळ, पहाटेचे श्वास रोखायचे व्यायाम, हे सगळं आजपासून थांबवा. श्वास रोखायचा सराव केला म्हणून कोणी अंतराळवीर होत नाही. चार वर्षं तिने एकदाही नाही म्हटलं नाही असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय, मला ते वाचून बरं वाटलं नाही. या वयाची मुलगी चार वर्षं कशालाच नाही म्हणत नसेल तर तिला म्हणता येत नाहीये.

तुमचं स्वतःचं पायलट व्हायचं राहून गेलं, वडील गेले आणि घर अंगावर पडलं, हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. त्याचं दुःख खरं आहे, मला ते कमी लेखायचं नाही. वॉली फंक नावाची बाई १९६१मध्ये अंतराळवीरांसाठीच्या चाचण्या पास झाली, पण तेव्हा बायकांना घेत नव्हते. तिने दुसऱ्या कोणाला आपल्या जागी तयार केलं नाही, हजारो लोकांना विमान चालवायला शिकवलं, विमान अपघातांचा तपास केला, आणि २०२१मध्ये ८२व्या वर्षी न्यू शेपर्डमध्ये बसली. तुमचं आकाश तुमचं आहे, त्यासाठी टेलिस्कोप घ्या, जमलं तर ग्लायडिंग शिका, पण ते तुम्ही शिका.

तर चष्मा या आठवड्यात. मशीन माळ्यावरून खाली, तेल घालून, तिच्या हातात, आणि छत्रीबद्दल परत एक शब्द नाही. मग तिला सांगा की मला एक पत्र लिही, लांब छोटं कसंही, त्या कव्हरचा फोटो असेल तर तोही जोड. ते पत्र तुम्ही वाचायचं नाही, तिनेच पाठवायचं. मी तिला थेट उत्तर देईन, आणि त्यातलं तुम्हाला किती सांगायचं ते ती ठरवेल.