रत्नागिरीला ऑफिसच्या कामासाठी दोन दिवस येत आहे. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मोकळा आहे. समुद्रकाठाने गाडीने जायचं तर कुठला रस्ता घ्यावा?

आरे-वारे मार्गे गणपतीपुळे. आणि गणपतीपुळ्याला पोचायची घाई करू नका, कारण इथे बघायचं ते वाटेतच आहे.

तुम्ही लिहिलंय की काम मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आहे, दुसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंत उरकेल, परतीची रेल्वे रात्रीची आहे आणि गाडी ड्रायव्हरसकट भाड्याची आहे. म्हणजे हातात पाच-सहा तास. एवढ्या वेळात लोक गणपतीपुळे, मालगुंड, जयगड आणि येताना रत्नागिरीतला रत्नदुर्ग किल्ला असा बेत आखतात आणि संध्याकाळी दमून स्टेशनवर पोचतात. बँकांच्या ऑडिटसाठी मी रत्नागिरीत बरीच वर्षं येते आहे. दर वेळी मोकळा वेळ असाच अर्धामुर्धा मिळतो, आणि तो मी या पंचवीसेक किलोमीटरच्या रस्त्यावर घालवते.

निघतानाच ड्रायव्हरला ‘आरे-वारे मार्गे’ असं स्पष्ट सांगा. नुसतं गणपतीपुळे म्हटलं, तर तो हातखंब्याला महामार्गावर चढून निवळी, चाफे करत नेण्याची शक्यता असते. तो रस्ता लांबचा आहे, जयगड बंदराच्या अवजड ट्रकांचा आहे आणि त्यावरून समुद्र दिसत नाही. आरे-वारेचा रस्ता शिरगाव, साखरतर, बसणी, काळबादेवी असा गावांतून जातो. न थांबता गेलात तर गणपतीपुळे तासाभरात येतं.

जाताना बसायची जागा डावीकडची घ्या. आपण उत्तरेला जात असतो, समुद्र पश्चिमेला, शिवाय गाडी रस्त्याच्या डाव्या कडेने चालते, त्यामुळे डावी खिडकी आणि पाणी यांच्यामध्ये दुसरं वाहन येत नाही.

साखरतरला खाडीवरचा पूल लागतो. पुलाच्या आधी किंवा नंतर, गाडी नीट कडेला लागेल अशा जागी, पाच मिनिटं उतरा. मच्छीमारांच्या होड्या नांगरलेल्या असतात. भरती असेल तर खाडी काठोकाठ भरलेली दिसते, ओहोटी असेल तर चिखल उघडा पडून बगळे उतरलेले असतात. भरती-ओहोटीचा अंदाज किनाऱ्यावरची माणसं तिथीवरून बांधतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यावर हा हिशोब बसवलेला आहे. तुम्ही पौर्णिमेच्या आसपास येत असाल तर संध्याकाळी पाणी मागे गेलेलं असेल आणि चालायला भरपूर ओली वाळू मिळेल. अष्टमीला आलात तर सूर्यास्ताच्या सुमारास लाटा वाळूचा मोठा भाग व्यापून असतील. कॅलेंडरवर एक नजर टाकून ठेवा, त्याचा खरोखर उपयोग होतो.

काळबादेवी मागे पडली की रस्ता चढू लागतो. एका वळणावर डावीकडचा डोंगर संपतो आणि खाली आरे-वारेचा किनारा एकदम उघडतो. एकाला लागून एक अशा वाळूच्या दोन कमानी, मागे सुरूचं बन, मध्ये खाडीचं मुख. इथे थांबाच. वळणावर मात्र गाडी उभी करू नका, थोडं पुढे जाऊन लावा आणि चालत मागे या. या उंचीवरून लाट उठल्यापासून वाळूवर फुटेपर्यंत पूर्ण दिसते. मी इथे अर्धा तास सहज थांबते आणि दर वेळी तो कमी पडतो.

किनारा असा का दिसतो, ते थोडं सांगते, कारण ते कळलं की सगळा रस्ताच उलगडत जातो. कोकणात जांभ्याची पठारं, म्हणजे सडे, थेट समुद्रापर्यंत आलेले आहेत आणि सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्यांनी ते ठिकठिकाणी चिरले आहेत. त्यामुळे काठाकाठाने सरळ रस्ता निघत नाही. सड्यावर चढायचं, पलीकडे खाडीत उतरायचं, पूल ओलांडून पुन्हा चढायचं. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनची, म्हणजे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची. मोठ्या खाड्यांवरचे पूल हीच त्यातली अवघड गोष्ट ठरली. तुम्ही ज्या तुकड्यावरून जाणार आहात, तिथे चढ, उतार, पूल आणि पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, हे सगळं तासाभराच्या अंतरात येतं. किनाऱ्यावर इतरत्र यासाठी दिवसभर गाडी चालवावी लागते.

वारे गाव सोडून पुढे नेवरे गाव लागतं. वाटेत उतारांवर हापूसच्या बागा आणि त्यांना जांभ्याच्या दगडांचे गडगे घातलेले दिसतील. डिसेंबर-जानेवारीत येत असाल तर काचा खाली करा, मोहोराचा वास गाडीत येतो. सड्याचा रंगही महिन्यागणिक बदलतो. श्रावण-भाद्रपदात हिरव्या गवतातून सीतेच्या आसवांची जांभळी फुलं उगवतात, दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं आणि मार्च उजाडेपर्यंत काळा कातळ उघडा पडतो. मला तो उघडा कातळही फार आवडतो. त्याच्या मागे समुद्र जास्त निळा दिसतो.

दुसरी हमखास थांबायची जागा म्हणजे भंडारपुळ्याचा उतार. गणपतीपुळ्याच्या अगदी आधी रस्ता सड्यावरून खाली येतो आणि समोर किनारा लांबवर पसरलेला दिसतो. आरे-वारेला गर्दी असेल तर तिथला वेळ इथे द्या.

गणपतीपुळ्याचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे आणि त्यामागची टेकडीच देवाचं रूप मानली जाते, म्हणून प्रदक्षिणा त्या अख्ख्या टेकडीला घालतात. साधारण एक किलोमीटरची फरसबंदी वाट आहे, एका बाजूला समुद्र. दर्शनाची रांग मोठी असली आणि वेळ कमी असला तर बाहेरून नमस्कार करून प्रदक्षिणा तेवढी घाला. तासभर गाडीत बसल्यावर पायांनाही बरं वाटतं. जेवायचं असेल तर घरगुती खानावळी आहेत, सोलकढी मागून घ्या.

पाण्यात मात्र उतरू नका. हे मी मनापासून विनवते आहे. गणपतीपुळ्याला आणि आरे-वारेला, दोन्हीकडे माणसं बुडाली आहेत, त्यात पोहता येणारीही होती. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि आतल्या प्रवाहाचा अंदाज काठावरून येत नाही. पाऊल भिजेल इतपतच. ऑफिसचे चार-पाच जण बरोबर असतील आणि कोणी आग्रह करत असेल, तर तुम्ही स्पष्ट नाही म्हणा. जीवरक्षकाने किंवा गावातल्या माणसाने हटकलं तर वाद न घालता मागे या.

गणपतीपुळ्याहून पुढे मालगुंड अगदी जवळ आहे. आधुनिक मराठी कवितेची वाट घालून देणाऱ्या केशवसुतांचा जन्म १८६६ साली या गावात झाला आणि तिथे त्यांचं स्मारक आहे. कवितेची आवड असेल तर जरूर जा. जयगड मात्र या खेपेला सोडा. किल्ला शास्त्री नदीच्या मुखावर सुंदर जागी उभा आहे, पण तुमच्या वेळात तो धावतपळतच होईल. तो पुढच्या वेळी, जयगडहून फेरीबोटीत गाडी चढवून तवसाळमार्गे गुहागरला जाताना बघा.

आता उजेडाबद्दल, कारण याचा विचार फार कमी लोक करतात. दुपारी तीनच्या सुमारास तुम्ही आरे-वारेला पोचाल तेव्हा सूर्य समुद्राच्या बाजूला कललेला असेल. पाणी चकाकतं, पण रंग दिसत नाहीत. सकाळी सूर्य पाठीमागे, डोंगराकडे असतो आणि पाण्याचे निळे-हिरवे पट्टे वेगवेगळे दिसतात. काम दहाला सुरू होत असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला निघून फक्त आरे-वारेपर्यंत जाऊन या. रस्ता अर्ध्या तासाचा आहे, नऊच्या आत परत येऊन आंघोळ-नाश्ता होतो. दुपारी मग तिथे न थांबता थेट भंडारपुळे आणि गणपतीपुळे करा आणि सूर्यास्ताला परतीच्या वाटेवर पुन्हा आरे-वारेच्या चढावर या. एकाच जागेची दोन रूपं एका दिवसात दिसतील. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या आसपास आणि मे अखेरीस सातनंतर होतो, त्यावरून गणपतीपुळ्याहून निघायची वेळ ठरवा.

परतीलाही हाच रस्ता घ्या. नकाशावर निवळीमार्गे स्टेशन सोयीचं वाटेल, कारण हातखंब्याहून येताना शहरात न शिरता स्टेशन गाठता येतं. पण महामार्गावर एखादा टँकर आडवा झाला की वाहतूक तासन्‌तास अडकते आणि रेल्वे चुकण्याची धास्ती लागते. किनाऱ्याच्या रस्त्यावर अंधारात दिवे नसतात, गुरं बसलेली असतात, त्यामुळे ड्रायव्हरला सावकाश चालवायला सांगा आणि रेल्वेच्या वेळेआधी दीड तास तरी हाताशी राहील असं निघा.

शनिवार-रविवार किंवा अंगारकी आली असेल तर हा बेत बदला आणि दक्षिणेला जा. भाट्याचा पूल ओलांडून पावस, तिथून पूर्णगड. या रस्त्याला समुद्र सतत सोबत करत नाही, पण गर्दी खूप कमी असते. पूर्णगड लहानसा किल्ला आहे, तटावरून मुचकुंदी नदी समुद्राला मिळताना दिसते. पूल ओलांडला की गावखडी, लांब पुळण आणि सुरूचं बन. तिथे समुद्री कासवं अंडी घालायला येतात, त्यामुळे वाळूवर कुंपण घातलेली घरटी दिसली तर लांबूनच बघा आणि गाडी वाळूत अजिबात घालू नका.

जून ते ऑगस्टमध्ये येत असाल तर हाच आरे-वारेचा रस्ता घ्या, फक्त निघण्यापूर्वी हॉटेलात विचारून घ्या, कारण मोठ्या पावसात दरड किंवा झाड रस्त्यावर येतं. त्या दिवसांत सूर्यास्त बहुधा ढगात जातो, म्हणून संध्याकाळची वाट न बघता दुपारीच फिरून या. कुठल्या महिन्यात येताय ते कळवलंत तर त्या दिवसांतल्या भरतीच्या वेळा बघून सांगते.