अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये कमी पैशांच्या विद्यापीठाला खरंच संधी उरली आहे का?

हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, पायानं खेळायचा आपला फुटबॉल नव्हे. वरच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत: खेळाडूंना पैसे मिळू लागल्यामुळे लहान विद्यापीठं मागे पडली का, आणि खेळाडूंना पैसे घ्यायला किंवा विद्यापीठ बदलायला असलेले जुने निर्बंध परत आणले तर समतोल साधेल का? माझ्या मते दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे. ही दरी खेळाडूंच्या खिशात पैसा येण्याच्या कितीतरी आधी पडली, आणि ती टीव्हीच्या पैशानं पाडली. मी वॉशिंग्टन स्टेट या कमी पैशांच्या विद्यापीठात शिकले आहे, त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

१९८४ पर्यंत कोणता सामना टीव्हीवर दिसणार हे एनसीएए ही देशपातळीवरची संघटना ठरवायची. एका संघाला दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा टीव्हीवर येता येत नसे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी याविरुद्ध दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. संघांमध्ये समतोल राहावा म्हणून हे बंधन आहे, असं एनसीएएचं म्हणणं होतं. न्यायालयाला ते पटलं नाही, कारण विद्यापीठानं फुटबॉलवर एकूण किती खर्च करावा यावर तर कसलीच मर्यादा नव्हती. निकालानंतर आपले सामने विकण्याचा हक्क विद्यापीठांकडे आणि त्यांच्या गटांकडे, म्हणजे कॉन्फरन्सकडे गेला. २०२२ मध्ये बिग टेन या कॉन्फरन्सनं सात वर्षांसाठी जो करार केला तो सात अब्ज डॉलरहून मोठा आहे. योगायोग असा की १९८४ च्याच हंगामात ब्रिगहॅम यंग विद्यापीठानं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. छोट्या कॉन्फरन्समधला एकही संघ त्यानंतर ते निर्विवादपणे मिळवू शकलेला नाही.

समतोलाला खरोखर हातभार लावणारा जुना नियम एकच होता, तो म्हणजे स्कॉलरशिपच्या संख्येवरची मर्यादा. १९७३ पूर्वी देशपातळीवर अशी मर्यादाच नव्हती. बडे संघ वाटेल तेवढी मुलं भरती करायचे. निदान ती प्रतिस्पर्ध्याकडे तरी जाणार नाहीत, एवढा हिशोब पुरेसा असे. १९७३ ला १०५ ची मर्यादा आली, मग ९५, आणि १९९० च्या दशकात ८५. बाकावर बसून राहिली असती अशी चांगली मुलं त्यामुळे दुसरीकडे जाऊन खेळू लागली. सप्टेंबर २००७ मध्ये खालच्या श्रेणीतल्या ॲपलाचियन स्टेटनं बलाढ्य मिशिगनला त्यांच्याच लाखभर प्रेक्षकांच्या मैदानावर ३४-३२ असं हरवलं. त्याच वर्षी १ जानेवारीला छोट्या कॉन्फरन्समधल्या बॉईझी स्टेटनं ओक्लाहोमाला ४३-४२ असं हरवून हंगाम अपराजित संपवला होता. यामागे केवळ नशीब होतं असं मी मानत नाही. विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा देणाऱ्या २०२५ च्या न्यायालयीन समझोत्यानं मात्र ८५ चा आकडा काढून टाकला. आता संघात १०५ खेळाडू ठेवता येतात आणि सगळ्यांना स्कॉलरशिप देता येते. खेळाडूंना वाटा देण्याच्या चांगल्या निर्णयाबरोबर आलेला हा बदल मला सर्वांत जास्त खटकतो, आणि त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आता वॉशिंग्टन स्टेट जिथे आहे त्या आमच्या पुलमनबद्दल. गव्हाच्या शेतांनी वेढलेलं छोटं गाव, तेहतीस हजारांच्या आसपास प्रेक्षक मावतील एवढं मैदान. पॅक-१२ कॉन्फरन्समध्ये होतो तोवर टीव्हीच्या पैशातला वाटा आम्हालाही मिळायचा, आणि त्या जोरावर २०१८ मध्ये संघानं ११ सामने जिंकले. मग २०२४ मध्ये आमच्याच राज्यातलं वॉशिंग्टन विद्यापीठ, ओरेगन, यूसीएलए, यूएससी सगळे बिग टेनमध्ये गेले, बाकीचे इतर कॉन्फरन्समध्ये गेले आणि पॅक-१२ मध्ये उरले आम्ही आणि ओरेगन स्टेट. खेळ तोच होता, पण उत्पन्नाचा झरा आटला. त्याच सप्टेंबरात आम्ही सिएटलमध्ये वॉशिंग्टनला २४-१९ असं हरवलं. शेवटी त्यांना गोलरेषेपासून यार्डभरावर अडवून सामना जिंकला. मोसम संपतो न संपतो तोच क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा मुख्य खेळाडू, जॉन मटीर ओक्लाहोमाला गेला आणि प्रशिक्षक जेक डिकर्ट वेक फॉरेस्टला. मैदानावर जिंकूनही संघ टिकवता येत नाही, हे मी फार जवळून पाहिलं आहे.

तरीही या मुलांना जाऊ देऊ नये, असं मी म्हणणार नाही. मटीरच्या आधीचा आमचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड. शाळेतून बाहेर पडताना त्याला स्कॉलरशिप देऊ करणारं एकच कॉलेज होतं, सॅन अँटोनिओचं इन्कार्नेट वर्ड. तिथून तो पुलमनला आला, मग मायामीला गेला, आणि २०२५ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. जुन्या नियमांनुसार पुलमनला येतानाच त्याला वर्षभर बाहेर बसावं लागलं असतं. त्या शिक्षेनं टीव्हीच्या पैशाची वाटणी बदलली नसती.

कुणी इंडियानाचं उदाहरण देईल. सर्वाधिक पराभव नावावर असलेल्या संघांपैकी एक, आणि जानेवारी २०२६ मध्ये मायामीला २७-२१ असं हरवून १६-० नं राष्ट्रीय विजेता! प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांचं काम थक्क करणारं आहे. पण इंडियाना बिग टेनमध्ये आहे. ओहायो स्टेटसारख्या बड्या संघाला जेवढा टीव्हीचा वाटा मिळतो, तेवढाच त्यांनाही. आयपीएलमध्ये २०२५ च्या हंगामासाठीच्या मोठ्या लिलावाआधी प्रत्येक संघाला खर्चाची १२० कोटींची सारखीच मर्यादा होती, म्हणून आपल्याला तळाचा संघ वर आला तरी नवल वाटत नाही. इंडियानाच्या बाबतीत मला तेच दिसतं. याउलट २०२५ च्या प्लेऑफमध्ये छोट्या कॉन्फरन्समधून आलेले ट्युलेन आणि जेम्स मॅडिसन दोघंही पहिल्याच फेरीत बाहेर पडले.

खेळाडूंना थेट देण्याच्या रकमेवर आता प्रत्येक विद्यापीठाला वार्षिक कमाल मर्यादा आहे; २०२५-२६ साठी ती सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. कागदावर ती सर्वांना सारखी आहे, पण ज्याच्याकडे तेवढे पैसेच नाहीत त्याला तिचा काही उपयोग नाही. शिवाय बाहेरच्या जाहिरातींचे करार वेगळेच.

माझ्या हातात असतं तर मी दोन गोष्टी केल्या असत्या. ८५ ची मर्यादा परत आणली असती, आणि फिफाकडून एक नियम उचलला असता. जगभरच्या फुटबॉलमध्ये आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतले ५ टक्के खेळाडूला लहानपणापासून घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. असं काही असतं तर वॉर्डच्या मायामीला जाण्यातून पुलमनलाच नव्हे, सॅन अँटोनिओच्या त्या कॉलेजलाही काही मिळालं असतं. ही रक्कम मात्र खेळाडूला नेणाऱ्या विद्यापीठानं वेगळी द्यावी; खेळाडूच्या वाट्यातून एक डॉलरही कापला जाऊ नये.