मोठ्या सामन्याआधी अमेरिकन कॉलेज फुटबॉल संघाचं आक्रमण अडखळत असेल, तर नेमकं काय तपासावं?

एकूण यार्ड बघून घाबरू नका. आधी पहिल्या डाऊनला (10 यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी पहिला) किती मिळतात ते मोजा. तिथे 4-5 यार्ड निघाले आणि दुसऱ्याला थोडी भर पडली, तर तिसऱ्या डाऊनला 2-3च उरतात, मग धाव की पास हे बचावाला ओळखता येत नाही. 8-9 उरले की पास ठरलेलाच. बचावफळी बेधडक क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूवर, तुटून पडते.

सामना परक्या मैदानावर असेल तर खरी काळजी गोंगाटाची. क्वार्टरबॅकची हाक ऐकू येत नाही, म्हणून गार्ड (सेंटरच्या शेजारचा खेळाडू) मागे वळून त्याचा इशारा बघतो, चेंडू मागे देणाऱ्या सेंटरला थोपटतो, मग चेंडू सुटतो. यात टॅकल (गार्डच्या बाहेरच्या बाजूचा खेळाडू) चेंडू सुटण्याच्या जरा आधी हलला की फॉल्स स्टार्टची चूक, 5 यार्ड गेले. माझ्या मते आठवडाभर सर्वांत जास्त सराव याचाच हवा, मोठ्या आवाजात स्पीकर लावून.

कमकुवत आक्रमणही जिंकतं. 2024 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संघाने ओहायो स्टेट विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर 13-10 हरवलं. पासचे यार्ड फक्त 62! पण कॅलेल मलिंग्जने 32 वेळा चेंडू घेऊन 116 यार्ड काढले, आणि शेवटचं मिनिट सुरू असताना 21 यार्डांवरून फील्ड गोल (लाथ मारून चेंडू खांबांमधून, 3 गुण) झाला.